नवा वायपर का थरथरतो? मृगाच्या तोंडावर आलेले प्रश्न

मृग जवळ आला की गाडीवाल्यांना वायपर आठवतो. आठ महिने उन्हात वाळलेलं रबर वळवाच्या पहिल्या सरीत करकरायला लागतं आणि लोक सरळ दुकान गाठून नवे ब्लेड घेतात. या वेळच्या बऱ्याच पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली : दोष भलत्याचाच आणि शिक्षा ब्लेडला. म्हणून पहिल्या उत्तरात जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : गेल्या महिन्यात चांगल्या कंपनीचे नवे ब्लेड टाकले. तरी वायपर वर जाताना गुमान जातो आणि खाली येताना थरथरत, टकटक आवाज करत येतो. दुकानदार म्हणतो, रबर बसायला वेळ लागतो. खरं आहे का? – एक वाचक, कसबा बावडा

नाही. रबर पहिल्या दिवशीच सर्वांत चांगलं पुसतं, त्यानंतर त्याची उतरणच असते. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट म्हणजे ‘खाली येताना’. थरथर एकाच दिशेला असेल तर संशय रबरावर घेऊ नका, आर्मवर, म्हणजे ब्लेड धरून ठेवणाऱ्या दांड्यावर घ्या.

रबराची काचेला टेकणारी कड पातळ आणि लवचिक असते. वायपर ज्या दिशेला जातो, त्याच्या उलट बाजूला ती झुकून मागून ओढली जाते आणि फेरीच्या टोकाला पोचली की पलटी मारते. आर्म जरा पिळला गेला असेल, तर ब्लेड काचेवर सरळ उभं न राहता एका अंगाला कलतं. मग कड एका बाजूला नीट ओढली जाते, पण दुसऱ्या बाजूला पलटतच नाही, ढकलली जाते. बाथरूमची फरशी पुसायचा वायपर ओढण्याऐवजी उलटा ढकलून बघा, तशीच अडखळत उडी मारत जाईल.

आर्म वाकतो कशाने? सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी धुताना, गाडी पुसणाऱ्या पोराने ब्लेड धरून उचलताना, किंवा जुनं ब्लेड निघेना म्हणून केलेल्या ओढाताणीत. ब्लेड बदलल्यावरच थरथर सुरू झाली असेल, तर तेव्हाच काही तरी पिळलं गेलं असणार.

तपासायला वायपर काचेच्या मधोमध आणून इग्निशन बंद करा, म्हणजे तो तिथेच थांबेल. आता बॉनेटच्या बाजूने, ब्लेडच्या टोकाकडून बघा. रबर काचेशी काटकोनात उभं दिसायला हवं. कललेलं दिसलं तर आर्म पिळलाय. सरळ करायला ब्लेड काढा, काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा आणि आर्म उचलून धरा. एका पान्याने आर्म स्थिर पकडायचा आणि टोकाजवळ दुसरा पाना लावून अगदी किंचित पीळ द्यायचा. पान्याखाली कापड घ्या, रंग जात नाही. एकदम जोर लावू नका; थोडं वळवा, ब्लेड लावा, बघा, पुन्हा थोडं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चांगल्या मिस्त्रीला हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि टॉवेल विसरू नका. ब्लेड नसलेला आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला की काचेला तडा जातो.

मात्र पान्याला हात लावण्याआधी काच धुवा. गाडी धुताना वरून मारलेलं वॅक्स किंवा पाणी न टिकू देणारं कोटिंग काचेवर अर्धवट उरलेलं असलं, तरी नवं रबर अडखळतं. पण ती थरथर बहुधा दोन्ही दिशांना होते. धुतलेल्या काचेवर तांब्याभर पाणी ओता. पाणी सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर काच स्वच्छ आहे. त्याचे मणी झाले किंवा मध्येच कोरडे ठिपके राहिले, तर वर तेलकट थर आहे. तो साध्या शाम्पूने पुष्कळदा जात नाही. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घ्या, सावलीत, गाडी थंड असताना, हातभर पट्टा घेत घेत पुसा. पुसताना विडी-काडी जवळ नको आणि ते बॉनेटच्या रंगावर सांडू देऊ नका.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. काचेवर वायपरच्या वाटेने गोल गोल बारीक ओरखडे पडलेत. रात्री हायवेला समोरून लाइट आला की पुढचं काही दिसत नाही. वायपर बदलून फरक पडेल का?

ओरखडे वायपर बदलून जाणार नाहीत, पण नवे पडायचे थांबतील. फौंड्रीच्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणता मोजायच्या मोह्स पट्टीवर तो ७. काचेची साधारण साडेपाच. म्हणजे वाळू काचेला कापते. असा एक कण रबराच्या कडेत रुतला की तो प्रत्येक फेरीला त्याच जागी रेघ ओढतो. तुमच्याकडे रोज संध्याकाळी घडतं ते एवढंच : सुटी झाली, काच धुळकट दिसली, बसल्या बसल्या वायपर मारला.

यापुढे दोन सवयी लावून घ्या. कोरड्या धुळीवर वायपर कधीच नाही. आधी बाटलीभर पाणी वरच्या कडेने सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची. आणि आठवड्याला आर्म उचलून ओल्या कापडाच्या घडीत रबराची कड धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओढायची. कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत. त्याच वेळी बोटाच्या टोकाने कड चाचपा. कुठे खाच लागली तर ते रबर संपलं. हंगामात कारखान्यांची राख आणि गुऱ्हाळांची काजळी पडते, त्या गावांनाही हेच लागू आहे.

पडलेल्या ओरखड्यांवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने ते बऱ्यापैकी पुसट होतात. हे काम काचेचं काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण एकाच जागी जास्त घासलं की काच तिथे लहरी दिसते आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर असा भाग ओरखड्यापेक्षा वाईट. नख अडकत असेल आणि ओरखडा डोळ्यांसमोरच असेल, तर काच बदलायचाच विचार करा. रात्रीच्या प्रवासात त्यावर काटकसर करू नये.

प्रश्न : चैत्र यात्रेला जोतिबाला गेलो होतो. गाडी गुलालाने भरली. निघताना पाणी मारून वायपर चालवला तर सगळी काच गुलाबी चिखल झाली. घरी धुतली, तरी अजून पाऊस आला की वायपर गुलाबी रेघा ओढतोय. – वडणगे

चांगभलं! गुलाल उडाला तेव्हा गाडी कोरडी असणार, तेव्हा नुसता मऊ ब्रशने किंवा पंपाच्या हवेने झाडला असता तर निम्मा गेला असता. थोडं पाणी आणि लगेच वायपर, यात त्याची खळ होते. ती रबराच्या बारीक खाचेत जाऊन वाळते आणि कड कडक करते.

आता येणारा गुलाबी रंग काचेवरचा नाही. काचेच्या पायथ्याशी बॉनेटलगत काळी जाळी असते, गुलाल तिच्यात भरून बसलाय. पाऊस आला की तिथलं पाणी उडतं आणि वायपर ते वर नेतो. बॉनेट उघडा, जाळीतला पालापाचोळा हाताने काढा आणि कमी जोराचं पाणी सोडत राहा. कडेच्या भोकांतून स्वच्छ पाणी खाली उतरायला लागलं की झालं. ही भोकं तुंबलेली ठेवली तर पावसाळ्यात पाणी वायपरच्या लिंकेजवर, म्हणजे त्याला हलवणाऱ्या दांड्यांवर साचतं, तिथले सांधे गंजतात. जोराचा प्रेशर तिथे नको, एसीची हवा आत घ्यायची वाट तिथूनच असते. मग रबर साबणाच्या पाण्याने पुसा. पुढच्या वर्षी ज्या गाड्यांना पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर आहेत, त्यांनी डोंगर चढण्याआधी तो ऑटो बंद करावा. काचेमागचा सेन्सर गुलालालाही पाऊस समजून कोरड्या काचेवर वायपर फिरवू शकतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज कळे ते गगनबावडा गाडीने जाते. जुलै-ऑगस्टमध्ये वायपर चालू असूनही काच धुरकट राहते. पुसली की सेकंदभर स्वच्छ, लगेच पुन्हा पांढरी. दोनदा ब्लेड बदलले. आणखी कोणते घेऊ?

मॅडम, कोणतेच घेऊ नका. तुमचे वायपर चांगले असावेत असंच पत्रावरून वाटतं. अख्ख्या जिल्ह्याचा पाऊस गगनबावड्याच्या अंगावर पडतो आणि तिथल्या ओल्या हवेत काच तीन वेगळ्या कारणांनी पांढरी होते. कारण ओळखलं की उपाय सोपा आहे.

गाडी बाजूला थांबवून काचेला आतून बोट लावा. बोटाची रेघ उमटली तर धुकं आतलं. आपल्या श्वासाची, भिजलेल्या छत्रीची, ओल्या पायपुसण्याची वाफ थंड काचेवर बसते. तिथे एसी चालू हवा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. हवेचा रोख काचेवर, तापमान किंचित उबदार बाजूला आणि हवा बाहेरची घ्यायची. आतल्या आत फिरवायचं बटण बंद. पावसात गारठा वाटतो म्हणून लोक एसी बंद करतात आणि काच आणखी भरते.

आतून रेघ उमटली नाही, पण वायपर फिरताक्षणी काच स्वच्छ होऊन पुन्हा पांढरी झाली, तर धुकं बाहेरचं. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. एसीचा गार झोत सतत काचेवर सोडला की काच थंडगार पडते आणि बाहेरच्या दमट हवेचं दव तिच्यावर धरतं. इथे उपाय उलटा : गार झोत काचेवरून काढून छातीकडे वळवा, तापमान वाढवा, वायपर चालू ठेवा. काही मिनिटांत दव धरायचं थांबतं. पन्हाळ्यावर पावसाळ्यात जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

तिसरं कारण तेलकट थर. पाऊस असतानाही वायपरच्या मागे इंद्रधनुष्यासारखी साय दिसते आणि समोरचा दिवा तिच्यात पसरतो. ट्रकच्या मागे मागे गाडी चालवली की डिझेलच्या धुराची ही साय चढतेच. त्यावर पहिल्या उत्तरातलं अल्कोहोल. काच आतूनही तसंच पुसा. डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश मारत असाल तर ते बंद करा, त्याची वाफ काचेवर बसते आणि धुकं तिच्यावर चटकन धरतं.

करूळ घाटात उतरताना काच भरली तर पुसत पुसत पुढे जाऊ नका. घाट लागण्याआधीच गगनबावड्यात थांबून ही सेटिंग करून घ्या.

प्रश्न : वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळावी, रबर कडक झालं तर रॉकेलने पुसावं, असं आमचे ड्रायव्हर सांगतात. – मुरगूड

तंबाखू चोळून पाणी थोडा वेळ पसरून राहतं, म्हणून ट्रकवाल्यांत ही रीत टिकली. मुसळधार पावसात ती पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०१ वा नियम चालू वायपर सक्तीचा करतो, तेव्हा वायपर बंद पडला तर गाडी कडेला घ्या आणि आधी फ्यूज बघा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल रबराला लावूच नका. रबर फुगतं, मऊ झाल्यासारखं वाटतं आणि कड वेडीवाकडी होते. पॉलिश पेपरने कड घासणंही नको. कारखान्यात दिलेला घसरडा थर त्याने निघून जातो.

प्रश्न : पूर्ण ब्लेड घ्यावं की नुसतं रबर बदलावं? आणि फ्रेमवाले बरे की सपाट? – राजारामपुरी

फ्रेम शाबूत असेल, सांधे हलते असतील, तर नुसतं रबर बदलायला हरकत नाही. स्वस्त पडतं आणि कामही चोख होतं. फक्त रबराच्या दोन्ही अंगांच्या लोखंडी पट्ट्या जुन्यातून काढून नव्यात त्याच बाकाने बसवा. उलट बसल्या तर टोकं काचेला टेकत नाहीत. पुसताना मधला किंवा टोकाचा रुंद पट्टा तसाच ओला राहतो, तो दाब सगळीकडे सारखा नसल्यामुळे. तसं असेल तर पूर्ण ब्लेड घ्या. एक बारीक, कायम त्याच जागची रेघ मात्र रबरातल्या खाचेची किंवा अडकलेल्या कचऱ्याची असते.

सपाट, म्हणजे बिनफ्रेमचं ब्लेड वेगात काचेला जास्त चिकटून राहतं, पण त्याचा बाक आणि तुमच्या काचेचा बाक जुळायला हवा. काही काचांवर ते टोकाला उचललं जातं. गाडीसोबत जे आलं होतं, त्याच जातीचं आणि त्याच इंचाचं घ्या, असं माझं मत आहे. ड्रायव्हरच्या बाजूला मोठं बसतंय म्हणून एक-दोन इंच जास्त लांबीचं लावलेलं मी पुष्कळदा बघतो. ते शेजारच्या ब्लेडला किंवा काचेच्या कडेच्या पट्टीला आपटतं. आमच्याकडच्या उन्हात रबर वर्षभरात थकतं. मे महिन्याच्या अखेरीस बदललं तर नवं रबर पावसासाठीच वापरलं जातं.

प्रश्न : वायपरच्या टाकीत बोअरचं पाणी भरतो. आता जेट नुसते ठिबकतात आणि काचेवर पांढरे डाग पडतात. – हातकणंगले

बोअरच्या पाण्यातला क्षार जेटच्या भोकात आणि काचेवर दोन्हीकडे बसलाय. भोकात बारीक सुई घालून हळूच फिरवा, सुई मोडून आत राहू देऊ नका. डागांवर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून भिजवलेलं कापड दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. टाकी पूर्ण रिकामी करा; तळाशी हिरवं शेवाळ धरलं असेल तर दोन-तीनदा खळबळून घ्या. पुढे आरओचं किंवा गाळून ठेवलेलं पावसाचं पाणी भरा. त्यात कपड्यांची पावडर टाकू नका, ती जेटमध्ये पुन्हा गोठते. काच धुण्यासाठी मिळणारं तयार लिक्विड, बाटलीवर लिहिलंय त्याच मापाने. एवढं करूनही जेट ठिबकतच राहिले तर बॉनेटखालची रबरी नळी टाकीपासून जेटपर्यंत हाताने चाचपत जा. उंदराने कुरतडलेली किंवा सांध्यातून निसटलेली सापडेल. नळी धड असेल आणि बटण दाबल्यावर मोटरीचा आवाजही येत नसेल, तर फ्यूज बघून मग पंप बदला.