पिकअप घ्यायचीय, पण किती टनाची?

प्रश्न : माझा धायरीत मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. सध्या छोटा हत्ती आहे, पण आता ऑर्डरी भोर, वाई, सासवडपर्यंत जातात आणि एकेका लग्नाला तीन-तीन खेपा होतात. पाइप, प्लायवूड, पडदे आणि मागे टोचन करून जनरेटरची ट्रॉली, एवढं न्यायचंय. मित्र म्हणतो सव्वा टनाची पिकअप बास झाली, मेव्हणा म्हणतो सरळ टाटाचा मोठा टेम्पो, ४०७ घे. काय करू?
— एक वाचक, धायरी

उत्तर : दादा, शोरूमला नंतर जा, आधी तुमचा नेहमीचा माल भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर चढवा. मंडपाचा माल दिसतो हौदाभर, पण वजनाला फार दांडगा असतो. दीड इंची मीडियम पाइप मीटरला साडेतीन किलोच्या थोडा वर भरतो, म्हणजे दहा फुटी एक पाइप झाला ११ किलोचा. असे ८० पाइप टाकले की ८८० किलो तिथंच झाले. स्टेजचा १९ एमएम प्लाय आठ बाय चारचा ३५ ते ४० किलो, असे बारा म्हणजे अजून साडेचारशे. बेरीज गेली १३३० वर आणि अजून क्लॅम्प, पडदे, खुर्च्या, लायटिंग काहीच चढलेलं नाही, आणि पावसात भिजलेले पडदे परत आणायचे असतील तर त्यांचं वजन वेगळंच धरा.

म्हणून सव्वा टनाच्या पिकअपचा विचार सोडून द्या, ती पाइप आणि प्लायमध्येच संपते. इंट्रा व्ही ५० किंवा दोस्त प्लस दीड टनाला पास आहेत, म्हणजे कायद्याने तेवढाच माल चालतो, तिथंही तुम्ही काठावरच राहणार. बोलेरो पिकअप १.७ टनात येते, बोलेरो मॅक्सची मोठी गाडी आणि योद्धा २.० या दोन टनाच्या. तुम्ही दोन टनवाल्यांपैकीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ब्रोशरवरच्या आकड्यावर जाऊ नका, आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरून जास्तीत जास्त किती चालेल तेही असतं, या दोन्हीतला फरक तेवढा तुमचा. नंतर हौद्यावर लोखंडी कॅरिअर ठोकलंत, केबिनमध्ये दोन पोरं बसवलीत, ते सगळं त्या फरकातूनच जातं.

४०७ गाडी म्हणून उत्तमच आहे, १९८६ पासून आपल्या पुण्याच्या टाटांनी ती उगाच चालवलेली नाही. पण तुमची निम्मी कामं पेठांमधल्या कार्यालयांत असणार, तिथं बोळात ४०७ वळवून लावायची म्हणजे ड्रायव्हरचा अर्धा तास जातो. वर्षातून आठ-दहा मोठ्या ऑर्डरी असतील तर तेवढ्यापुरती ४०७ भाड्याने आणा.

आता ट्रॉली. पंचवीस केव्हीएचा सायलेंट जनरेटर आठशे-नऊशे किलोच्या घरात जातो, वर ट्रॉलीचं लोखंड. छोट्या हत्तीला हे टोचन करत असाल तर कृपा करून आजपासून बंद करा. ओढायला गाडी ओढते हो, चढावर पहिल्या गिअरमध्ये रडत का होईना चढते, प्रश्न उताराचा असतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे मागून एक टन तुम्हाला ढकलतंय आणि ते सगळं थांबवायचं तुमच्या चार चाकांनी. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुमच्या धायरीच्या उशालाच आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं सुटलेल्या एका ट्रकपायी ४०हून जास्त गाड्या ठोकल्या गेल्या होत्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ड्रायव्हर कितीही जुना असला तरी त्याच्या हातात ट्रॉली देऊ नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं.

मी स्वतः एकदा सासवडहून सीताफळाचे क्रेट भरून दिवे घाट उतरत होतो, पासिंगपेक्षा चारशे-पाचशे किलो जास्तच असतील. तिसऱ्या वळणाला स्टिअरिंग एकदम हलकं लागायला लागलं, जसं पुढची चाकं रस्त्याला टेकलेलीच नाहीत, आणि मग ब्रेक लायनरचा तो करपलेला वास. पायाखालचा ब्रेक मऊ होत गेलेला मला अजून आठवतो. अर्धा तास कडेला उभा राहिलो, तेव्हापासून मागच्या चाकांच्या पुढे जड माल आणि फाळक्याकडे हलका माल, हे मी कधी मोडलं नाही.

ट्रॉलीचंही तसंच. जनरेटर चाकांच्या किंचित पुढे असा बसवा की ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येईल. मागे जास्त झाला तर ट्रॉली शेपूट हलवते आणि पिकअपलाही हलवते. हुकावरचा हा भार गाडीच्या पासिंगमध्येच मोजायचा, म्हणजे टनाच्या ट्रॉलीला माल सव्वाशे-दीडशे किलो कमी भरा. ट्रॉलीची आरसी वेगळी लागते, विम्यातही तिची नोंद करून घ्या.

कागदांचं थोडक्यात : भरलेल्या गाडीचं वजन ३,००० किलोच्या वर असलं की परमिट लागतं, दोन टनवाल्या त्यात येतात. लायसन्स तुमचं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं चालेल, ७,५०० किलोच्या आतल्या मालगाडीला वेगळी नोंद लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून देतो, मग दीड टनाची गाडी आरामात दोन टन उचलेल. करून घेऊ का?
— एक वाचक, मंचर

उत्तर : नको. पाटे वाढवले की गाडी बसलेली दिसत नाही एवढंच, ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं होतं तेच राहतं. आरसीवरचं पासिंगही वाढत नाही, आणि ओव्हरलोडला २०१९ च्या सुधारणेनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवून घेतात. टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर उतरवल्यावर त्यांचं काय होतं ते मंचरच्या माणसाला मी काय सांगू!

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये असतो, राहण्याची मोठी ट्रेलर ओढायला त्याला पिकअप घ्यायचीय. तिकडच्या जड पिकअपमधली २५०० का तिच्याहून जास्त वजन उचलणारी ३५०० यावर घरात रोज फोनवर चर्चा चालते. ट्रेलर भरून १२,००० पौंडांची आहे, हौद्यात हुक बसतो त्या प्रकारची.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, त्याला सांगा ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाच, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर असतं. हौद्यातल्या हुकावर ट्रेलरचा साधारण २० टक्के भार येतो, म्हणजे इथं २,४०० पौंड, त्यात चार माणसं, सामान आणि जड लोखंडी हुक धरला की तीन हजारांच्या पुढे गेलाच. तिकडे २५०० च्या बऱ्याच गाड्या भरलेल्या वजनाला १०,००० पौंडांवर अडवलेल्या असतात, आणि डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड, त्यामुळे जास्त ओढणारी म्हणून घेतलेली डिझेल २५०० उचलायला उलट कमी पडते. पोरं नेमकी इथंच फसतात, कारण जाहिरातीत ओढायचा आकडाच मोठा लिहिलेला असतो. कमिन्सचं डिझेल रॅमच्या पिकअपमध्ये १९८९ पासून आहे, आणि कोथरूडच्या माणसाला कमिन्सचं नाव नवं नाही, इंजिनाबद्दल शंकाच नको. पण एवढ्या ट्रेलरला त्याने ३५०० च घ्यावी. मागे एकेका बाजूला दोन टायरवाली लागेलच असं नाही, एकेरी टायरच्या ३५०० च्या स्टिकरवर आकडा पुरत असेल तर ती रोजच्या पार्किंगलाही सोयीची पडेल. डीलरला म्हणावं प्रत्येक गाडीच्या स्टिकरचा फोटो पाठव, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवरही तो आकडा वेगळा असतो.