टॉवेल वेगळा, बादली वेगळी

"मॅडम, माझं काय व्हायचं ते होऊ दे, फक्त बायकोला लागायला नको." आमच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे वाक्य वरचेवर कानावर येतं. सरकारी रुग्णालयातली ही गुप्तरोगांची ओपीडी. पाटीवर नाव 'सुरक्षा' असलं तरी माणसं आत शिरताना एकदा मागे वळून बघतातच.

त्या दिवशी समोर बसलेले गृहस्थ पस्तिशीतले, एमआयडीसीत लेथवर कामाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) लघवीच्या जागेवर पाणी भरलेल्या बारीक पुळ्यांचा पुंजका, काही फुटून झालेल्या जखमा, जांघेत अवधाण, अंगात कणकण. डॉक्टरांनी हर्पिसचं निदान करून लाल किट दिलं होतं, म्हणजे असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. गोळ्या त्यांना समजल्या होत्या. घरी काय करायचं ते समजत नव्हतं.

खरं तर आठ दिवसांत त्यांनी बरंच काही करून ठेवलं होतं. पाठ दुखते असं सांगून ते हॉलमध्ये चटईवर झोपत होते. स्वतःसाठी नवी निळी बादली आणली, टॉवेल वेगळ्या दोरीवर, चड्ड्या उकळत्या पाण्यात, ताट-पेला बाजूला. चार वर्षांची मुलगी मांडीवर यायला लागली की "बाबा दमलाय" म्हणायचे. बायकोला मात्र एक अक्षर सांगितलेलं नाही.

मी त्यांना म्हटलं, "दादा, जिथं गरज नाही तिथं तुम्ही कुंपण घातलंय आणि जिथं गरज आहे तिथं फाटक उघडं ठेवलंय." हा विषाणू कातडीला कातडी लागून, संबंधातून पसरतो. बादलीतून, ताटातून, संडासाच्या भांड्यावरून तो येत नाही. जखमेला हात लागला तर साबणानं धुवा, बस. मुलीला खुशाल मांडीवर घ्या. हे ऐकल्यावर त्यांनी डोळे पुसले. मी उगाच कपाटातली फाइल शोधत बसले.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "जखमा भरल्या की मग भीती नाही ना?"

इथंच सगळे फसतात. जखम भरते, पण विषाणू जात नाही. तो कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन दबा धरून बसतो. पहिल्या वर्षात चार-पाच वेळाही डोकं वर काढू शकतो, पुढे जोर ओसरत जातो. उठायच्या आधी एक-दोन दिवस त्या जागी चुणचुण किंवा आग होते. त्या क्षणापासून खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत संबंध नको, निरोध लावूनसुद्धा नको. आणि वर काहीच दिसत नसतानाही तो अधूनमधून कातडीवर येतो, म्हणून एरवी निरोध कायम. निरोध सगळी जागा झाकत नाही, त्यामुळे शंभर टक्के हमी मी देत नाही. वारंवार उठणाऱ्यांना डॉक्टर रोजची गोळीही सुरू करू शकतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,४८४ जोडपी होती. त्यात बाधित जोडीदारानं रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यावर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

"पण यातलं काय तुम्ही बायकोच्या नकळत पाळू शकणार?" मी विचारलं. नऊ वर्षांच्या संसारात अचानक निरोध कशाला, हे ती विचारणारच. ते गप्प. मग हळूच, "ती म्हणेल, कुठं गेला होतात."

खरी भीती ही होती. त्यांच्या खिशात एका खाजगी लॅबचा हर्पिसच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट होता, 'आयजीएम पॉझिटिव्ह'. त्यावरून लागण ताजी आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. या चाचणीवर माझा राग आहे. ती जुनी आणि नवी लागण वेगळी करून दाखवू शकत नाही, आणि तिच्या जोरावर संसारात संशय मात्र शिरतो. जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये हर्पिसचा दुसरा प्रकार (बहुधा लघवीच्या जागी उठणारा) आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. पहिल्यांदा पुळ्या दिसल्या म्हणजे विषाणू गेल्या महिन्यातच आला असं नाही. तो वर्षानुवर्षं मुक्कामाला असू शकतो. "मी परस्पर काही सांगणार नाही," मी म्हटलं, "पण त्यांना इथं घेऊन आलात तर तिघं बसून बोलू." दोघांच्या एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्यांचंही सांगून ठेवलं.

पुढच्या बुधवारी दोघं आले. बाकावर मध्ये पिशवी. मी सगळं सांगत असताना वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. संपल्यावर पहिलं वाक्य आलं, "मला वाटलं, यांना माझी किळस यायला लागली."

नंतर, बऱ्याच वेळानं, "मॅडम, मला ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला अशाच पुळ्या उठतात. दर उन्हाळ्यात."

ओठांवरचा हा बहुधा हर्पिसचा पहिला प्रकार. तोंडावाटे तो खालीही जाऊ शकतो. म्हणजे तो त्यांच्याकडून आला का? तसं मी म्हटलं नाही, कारण तेही ठरवता येत नव्हतं. नवऱ्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे, आणि कुणी कुणाला दिलं हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी टेबलावरून उठला. ओठावर पुळी असताना त्यांनीही जपायचं, तान्ह्या बाळाचा मुका तर मुळीच नाही, हे मी सांगितलं. दुसऱ्या मुलाचा विचार चालू होता. दिवस राहिले की बाळंतपणाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत हे सांगा, म्हटलं. गरोदरपणाच्या शेवटी नव्यानं लागण झाली तर बाळाला मोठा धोका असतो, म्हणून त्या काळात तर फारच जपायचं.

निघताना वहिनी दारातून परत आल्या.

"बादली एकच ठेवली तरी चालेल ना?"

"चालेल."

"मग ती निळी मी आईकडे देऊन टाकते. उगाच अडीचशे रुपये घातले यांनी."