झिंक प्लेटिंगनंतरचं बेकिंग आणि तपासणी

१२.९ ग्रेडच्या बोल्टवर झिंक प्लेटिंग (जस्ताचा थर) करणार आहेस ना, मग नंतरचं बेकिंग, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून हायड्रोजनचा त्रास घालवणं, प्रोसेस शीटमध्ये आत्ताच लिहून टाक. हे बोल्ट ३९ ते ४४ एचआरसी (रॉकवेल कठीणतेचं माप) कठीण. पिकलिंगच्या (गंज-पापुद्रा काढायच्या) ॲसिडमधून आणि प्लेटिंगच्या टाकीतून पोलादात हायड्रोजन शिरतो आणि एवढ्या कठीण मालाला तोच नडतो. आवळताना काही होत नाही. दुसऱ्या दिवशी बघावं तर डोकं तुटून खाली पडलेलं.

टाकीतून निघाल्यावर ४ तासांच्या आत माल ओव्हनमध्ये जायला हवा. तापमान १९० ते २२० अंश सेल्सिअस. वेळ मोजायचा तो डायलवर आकडा दिसल्यापासून नव्हे, ढिगाच्या मधोमध ठेवलेलं थर्मोकपल (तापमान मोजायची तार) त्या तापमानाला पोचल्यापासून. ट्रे गच्च भरला असेल तर आतला माल तापायला फार रेंगाळतो. पॅसिव्हेशन (जस्तावरचा गंजरोधक रासायनिक थर) मात्र बेकिंगनंतरच. आधी केलंस तर तो थर उष्णतेने तडकतो आणि गंज लवकर धरतो. डिस्पॅचवाले घाई करतील, करू देत.

जस्ताच्या थराची जाडी मोज, सॉल्ट स्प्रे (मिठाच्या फवाऱ्याची गंज-चाचणी) लाव, पण त्यातून हायड्रोजनचं काही कळत नाही. कठीणता मोजूनही नाही. त्यासाठी आयएसओ १५३३० ची चाचणी: बोल्ट समांतर पृष्ठभागांमध्ये भरपूर ताण देऊन आवळायचे, किमान ४८ तास तसेच ठेवायचे, मध्ये २४ तासांनी पुन्हा आवळायचे. मग भिंगातून तडे शोधायचे, आधी डोक्याखालच्या वळणावर. आणि पिकलिंगऐवजी शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून, ॲसिडशिवाय सफाई) जमत असेल तर तेच कर.