बाबांना क्रॉनिक किडनी डिसीज आहे, स्मार्टवॉच एचआरव्ही 18 दाखवतंय. हार्टला धोका आहे का?

धोका आहे, पण तो घड्याळातल्या 18 मुळे नाही, किडनीच्या आजारामुळे. या आजाराचे बरेच पेशंट डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जातात.

एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणजे दोन ठोक्यांमधल्या वेळेत होणारा मिलिसेकंदांचा फरक. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. हे मुख्यतः व्हेगस नर्व्हचं, म्हणजे हृदयाला शांत ठेवणाऱ्या नसेचं काम. बिघडलेली किडनी मेंदूकडे सतत इशारे पाठवून सिम्पथेटिक यंत्रणा (ताणाच्या वेळी ठोके वाढवणारी नसांची यंत्रणा) चढी ठेवते, व्हेगसचा जोर कमी पडतो आणि ठोके एकसुरी होतात. जोडीला डायबेटिस असेल तर नसा आधीच खराब झालेल्या असू शकतात.

आता आकडा. 24 तासांच्या होल्टरवर (अंगावर बांधायचं ईसीजी यंत्र) एसडीएनएन, म्हणजे ठोक्यांमधल्या वेळेचा एकूण चढउतार, 50 मिलिसेकंदांखाली गेला तर तो कमी धरतात. घड्याळाचं मोजमाप वेगळं: कोणी थोड्या वेळाचा एसडीएनएन देतं, कोणी आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधल्या वेळेतल्या फरकावरून काढलेला आकडा. त्यामुळे होल्टरचा निकष त्याला लावू नका, शेजारच्या काकांच्या घड्याळाशी तर तुलना नकोच. वय, झोप, बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारी बीपी-हृदयाची औषधं) यांनीही तो बदलतो. गंमत म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित पडण्याचा आजार) एचआरव्ही उलट जास्त दिसतो, म्हणजे मोठा आकडा पाहून खूश होण्यातही अर्थ नाही.

नेफ्रोलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) जाताना घरच्या बीपीची वही आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), पोटॅशियम, हिमोग्लोबिन यांचे रिपोर्ट न्या. बाबांना उभं राहताच चक्कर येते का, तेही आवर्जून सांगा. छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर घड्याळ बघत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.