जाळी नको म्हणणाऱ्या यजमानाबरोबर पेट्यांपाशी जाऊ नका

एका कुटुंबाच्या छोट्या मधुमक्षिकापालन केंद्रावर मुलांसह जाताना कपडे कोणते घालावेत आणि मधपेट्यांच्या किती जवळ जावे, असे तुम्ही विचारले आहे. कपड्यांचे म्हणाल तर फिकट रंगाचे, मनगटे व घोटे झाकणारे घालावेत, केस बांधावेत आणि अत्तर टाळावे. मात्र चेहऱ्यावर जाळी नसेल तर या साऱ्याचा फारसा उपयोग नाही, आणि जाळीवरून आमच्या घरात जुना वाद आहे.

आमच्याकडे पेट्या आहेत आणि पाहुण्यांना त्या दाखवण्याचे काम पूर्वी काकांकडे असे. माशी भित्र्यालाच चावते, माश्यांना शांत करणारा धूर दिला की जाळीची गरज उरत नाही, आणि डंखाची ॲलर्जी आहे का असे विचारले तर पाहुणा आल्या पावली परत जातो, असे त्यांचे ठाम मत. एका ढगाळ दुपारी, म्हणजे बहुतेक माश्या पेटीतच असतात आणि चिडक्याही असतात अशा वेळी, मी नको म्हणत असताना त्यांनी एका गृहस्थांना उघड्या तोंडाने आत नेले. ते फोटो काढण्यासाठी नेमके पेटीच्या दारासमोर, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच उभे राहिले. परतणाऱ्या माश्या त्यांच्या पाठीमागे घुटमळू लागल्या, एक केसांत अडकली आणि त्यांनी ती तिथेच चिरडली. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो; तो इतर माश्यांना धोक्याचा इशारा असतो आणि त्या त्याच जागी येऊन डसतात. धुराने हा वास झाकला जातो खरा, पण थोडाच वेळ.

मी त्यांना हात न झटकता, चेहरा झाकून घरात आणले आणि दार लावून घेतले. कपाळावर रुतलेल्या नांगीला चिकटलेली विषाची इवलीशी पिशवी माशी निघून गेल्यावरही आकुंचन पावत होती. ती चिमटीने काढावी की नखाने खरवडावी, यावर घोळ घालण्यापेक्षा तत्काळ काढणे महत्त्वाचे असते. डोळा सुजून मिटला, एवढ्यावर निभावले. काका मात्र आजही म्हणतात की चूक त्या गृहस्थांची, कारण हात त्यांनी उचलला. केसांत माशी गुणगुणत असताना हात वर न नेणारा नवखा पाहुणा मी तरी पाहिलेला नाही. काकांचा हात पेटीत विलक्षण हलका चालतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु वर्षानुवर्षे डंख खाऊन ज्याला सूजही फारशी येत नाही, त्याने पाहुण्याच्या कातडीचा अंदाज स्वतःच्या कातडीवरून बांधू नये.

म्हणून यजमानाकडेच नीट पाहा. त्याने ॲलर्जीची चौकशी केली नाही, मुलांच्या मापाची जाळी दिली नाही किंवा ‘आमच्या माश्या चावत नाहीत’ असे हसून सांगितले, तर मध विकत घ्या आणि पेट्या लांबूनच पाहा. जाळी असली तरी उघडलेल्या पेटीच्या मागे किंवा बाजूलाच उभे राहावे. मुलाच्या गळ्याशी जाळी सैल बसत असेल, तर त्याला जवळ नेऊ नये, मग ते कितीही रडो.

राहिलेल्या दोन गोष्टी. डंखाच्या जागी सूज येणे स्वाभाविक आहे. पण अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकू लागला, उलटी किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे, कारण अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते. पूर्वी डंख सहज सोसला होता, हा भरवसा पुरेसा नाही. आणि सोबत एक वर्षाच्या आतील बाळ असेल, तर यजमानांनी कितीही आग्रह केला तरी त्याला मधाचे बोट चाटवू देऊ नका. त्या वयात मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.