अल्फ्रेडच्या पुतण्यांना वेसेक्सची गादी का मिळाली नाही?

तुम्ही विचारलंय की वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या राज्याचा राजा एथेलरेड ८७१ मध्ये वारला तेव्हा त्याला दोन मुलगे होते, मग गादीवर त्याचा धाकटा भाऊ अल्फ्रेड कसा बसला? पुतण्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं का? आणि त्या मुलांचा वंश पुढे राहिला का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. नाही, मुकाट्याने मान्य केलं नाही. दोघांतल्या धाकट्याने अठ्ठावीस वर्षं कळ काढली आणि काकाने डोळे मिटताच बंड केलं. पण तिथे पोचायच्या आधी गादीचा हिशेब समजून घ्यावा लागेल. (आणि एक आगाऊ सूचना: या घराण्यात निम्म्या लोकांची नावं 'एथेल'ने सुरू होतात. कागदावर वंशवेल काढून शेजारी ठेवलीत तर डोकं कमी दुखेल.)

थोरला मुलगा म्हणजे वारस, हे समीकरण इंग्लंडात फार नंतर पक्कं झालं. अँग्लो-सॅक्सन काळात राजघराण्यातला जो पुरुष गादीसाठी पात्र समजला जाई त्याला 'एथेलिंग' म्हणत. तो मुलगा असेल, भाऊ असेल, पुतण्या असेल. मात्र पात्र असणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. या पात्र मंडळींतून कुणाच्या डोक्यावर मुकुट चढणार हे तीन-चार गोष्टींवर ठरे: आधीचा राजा गेला त्या घडीला वयात कोण आलंय, जमिनी आणि माणसं कुणाच्या हाताशी आहेत, आणि एल्डरमन म्हणजे प्रांतोप्रांतीचे सरदार व बिशप कुणाच्या मागे उभे राहतात. या बड्या मंडळींच्या सभेला विटान म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकारांना त्या सभेत पार्लमेंटची आजी दिसायची. मला तरी तिथे बहुतेक वेळा आधीच जिंकलेल्या माणसाला मान डोलावणारे लोक दिसतात.

पात्र माणसं जास्त आणि गादी एक, म्हटल्यावर भाऊबंदकी आलीच. शेजारच्या मर्सिया राज्याचा बलाढ्य राजा ओफा याने यावर जालीम उपाय शोधला होता. आपल्या मुलाला, एग्फ्रिथला, अडथळा होतील असे नातेवाईक त्याने कापून काढले आणि स्वतः जिवंत असतानाच, ७८७ मध्ये, मुलाला अभिषेक करवून घेतला. ओफा ७९६ च्या जुलैत गेला. एग्फ्रिथ गादीवर बसला आणि १४१ दिवसांत मेला. गादी गेली लांबच्या नात्यातल्या केनवुल्फकडे. आल्क्विन नावाच्या विद्वान धर्मगुरूने पत्रात लिहून ठेवलंय की बापाने मुलाचं राज्य पक्कं करायला जे रक्त सांडलं त्याचाच हा सूड.

वेसेक्सच्या घराण्याने त्यामानाने शहाणपणाचा मार्ग काढला, तोही एक मोठा तमाशा झाल्यानंतर. अल्फ्रेडचा बाप एथेलवुल्फ ८५५ मध्ये रोमच्या यात्रेला गेला. राज्याचा पश्चिम भाग मुलगा एथेलबाल्ड याच्याकडे आणि केंटकडचा भाग दुसरा मुलगा एथेलबर्ट याच्याकडे सोपवून गेला. म्हातारा परत आला तो नवी बायको घेऊन. फ्रँकांचा राजा चार्ल्स द बाल्ड याची ज्युडिथ नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी. नुसतं लग्न नव्हे, आर्चबिशप हिंकमारने तिला रीतसर राणी म्हणून अभिषेक केला होता. वेसेक्समध्ये राजाच्या बायकोला राणी म्हणायचीही पद्धत नव्हती! अशा अभिषिक्त राणीला मुलगा झाला तर आधीच्या मुलांचं काय, हा विचार एथेलबाल्डच्या मनात आला नसेल असं मला वाटत नाही. शेरबोर्नचा बिशप आणि सॉमरसेटचा एल्डरमन यांना हाताशी धरून त्याने बापाला राज्य परत द्यायला नकार दिला. बापाने लढाई टाळली आणि पूर्वेकडच्या भागावर समाधान मानलं. ८५८ मध्ये बाप वारला, तर एथेलबाल्डने त्याच सावत्र आईशी लग्न लावलं. तोही दोन वर्षांत गेला. मग एथेलबर्ट, त्याच्यामागे ८६५ मध्ये एथेलरेड, असे भाऊ एकामागून एक गादीवर आले.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. एथेलरेडच्या कारकिर्दीत वायकिंगांची मोठी फौज इंग्लंडात उतरली होती आणि राजघराण्यातला कुणीही उद्या रणात पडू शकेल अशी वेळ होती. तेव्हा स्विनबेओर्ग नावाच्या ठिकाणी सभेसमोर एथेलरेड आणि अल्फ्रेड यांच्यात करार झाला. दोघांपैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या मुलांना ठरलेल्या काही जमिनी द्यायच्या. बाकीची जमीन आणि खजिना मात्र मागे राहणाऱ्या भावाचा. करारात गादीबद्दल अवाक्षर नाही, विषय सगळा वडिलोपार्जित मालमत्तेचा. पण ज्याच्याकडे घराण्याची इस्टेट तोच सरदारांना जमिनी देणार, तोच फौज उभी करणार. माझ्या मते पुतण्यांची गादी गेली ती याच दिवशी, आणि ती त्यांच्या सख्ख्या बापानेच सोडली.

८७१ सालचं चित्र डोळ्यांसमोर आणा. डेन लोक, म्हणजे तेच वायकिंग, रेडिंगमध्ये तळ ठोकून बसलेत. जानेवारीत ॲशडाउनला दोघा भावांनी त्यांना झोडपलं, पण त्यानंतरच्या दोन लढाया हातच्या गेल्या. ईस्टर उलटल्यावर एथेलरेड वारला. त्याची मुलं लहान. अल्फ्रेड बावीस-तेवीस वर्षांचा आणि भावाच्या खांद्याला खांदा लावून लढलेला. अशा वेळी पोराला गादीवर बसवा असं म्हणायला कुणी धजावलं असेल?

म्हणजे गादीवरून कटकट झाली नाही. इस्टेटीवरून मात्र झाली, आणि ते खुद्द अल्फ्रेडच सांगतो. त्याचं मृत्युपत्र आजही उपलब्ध आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोलका कागद तोच वाटतो. त्यात तो लिहितो की वारशाबद्दल बरेच वाद कानावर आले म्हणून आपण बापाचं मृत्युपत्र लांगांडेने इथल्या सभेत नेऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सभेला विनवलं की माझ्या भीतीने किंवा माझ्यावरच्या प्रेमाने कुणी गप्प बसू नका, न्याय काय तो सांगा. नाहीतर लोक म्हणतील, मी माझ्या आप्तांच्या लहान मुलांवर अन्याय केला. सभेने एकमुखाने सांगितलं की याहून न्याय्य हक्क आम्हाला दिसत नाही. आता राजा समोर बसून 'घाबरू नका, खरं बोला' म्हणत असताना दुसरं कोण काय बोलणार, हे तुम्हीच ठरवा. पण एवढं जाहीर वाचन करावं लागलं याचाच अर्थ पुतण्यांची बाजू घेणारे लोक होते.

त्याच मृत्युपत्रात कोणाला काय मिळालं ते बघा. मुलगा एडवर्ड याला कॉर्नवॉलपासून केंटपर्यंत पसरलेल्या जमिनी. थोरला पुतण्या एथेलहेल्म याला आठ गावं. धाकटा एथेलवोल्ड याला तीन: गॉडल्मिंग, गिल्डफर्ड आणि स्टेनिंग. तीनही पूर्वेला, वेसेक्सच्या मूळ मुलखापासून लांब. शिवाय एडवर्ड मोठा झाल्यावर अल्फ्रेडने त्याला पद्धतशीर पुढे आणलं. ८९८ च्या एका सनदेवर एडवर्डची साक्ष चक्क राजा म्हणून आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या एका सनदेत साक्षीदारांच्या यादीत एथेलवोल्डचं नाव एडवर्डच्या वर आहे. दरबारात मान होता, हातात जमीन नव्हती.

एथेलहेल्म यानंतर नोंदींतून नाहीसाच होतो. अल्फ्रेड २६ ऑक्टोबर ८९९ रोजी वारला तेव्हा एथेलवोल्ड तिशीच्या आसपासचा असणार. ज्या वयाच्या अभावी तेव्हा गादी हुकली ते वय आता होतं. त्याने विम्बोर्न आणि आजचं क्राइस्टचर्च अशी दोन राजठाणी ताब्यात घेतली. विम्बोर्नची निवड सहज झालेली नाही: तिथे त्याच्या बापाची कबर होती. 'मी राजाचा मुलगा आहे' हे न बोलता सांगायला याहून चांगली जागा नव्हती. त्याने मठातली एक जोगीणही बिशपचा हुकूम मोडून आपल्याबरोबर आणली होती. एडवर्ड फौज घेऊन जवळच्या बॅडबरीच्या जुन्या गढीवर येऊन थांबला. एथेलवोल्डने सगळे दरवाजे बंद करून जाहीर केलं की जगेन तर इथे, मरेन तर इथे. आणि त्याच रात्री घोड्यावर बसून पसार झाला. ती बाई मात्र मागेच राहिली आणि पकडली गेली.

हा किस्सा अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार नोंदवहीतला आहे आणि तो जिंकलेल्या पक्षाने लिहिलाय हे विसरू नका. पुढे एथेलवोल्ड नॉर्थंब्रियातल्या डेन लोकांकडे गेला. क्रॉनिकलच्या काही प्रती सांगतात की त्यांनी त्याला राजा म्हणून स्वीकारलं. वेसेक्सच्या दरबाराला सर्वांत जवळची जी प्रत, तिने नेमकं हेच वाक्य गाळलंय! रात्री पळालेला भेकड म्हणून तो चालत होता, दुसऱ्या कुणाचा मान्य झालेला राजा म्हणून नको होता.

दोन वर्षांत तो आरमार घेऊन एसेक्सला उतरला आणि पूर्व अँग्लियाच्या डेन लोकांना फितवून मर्सियावर व वेसेक्सच्या सरहद्दीवर चालून आला, थेट टेम्स ओलांडून. एडवर्डने उलट त्यांचा मुलूख जाळला. परतताना केंटची तुकडी मागे रेंगाळली. राजाने सात निरोपे पाठवूनही हलेना. तिला डेन फौजेने गाठलं. ही होमची लढाई, डिसेंबर ९०२. रणांगण डेन लोकांच्या ताब्यात राहिलं, म्हणजे रूढ अर्थाने ते जिंकले. पण पडलेल्यांत त्यांचा राजा एओरिक होता, आणि एथेलवोल्डही. बेओर्ट्सिगे नावाचा एक एथेलिंगपुत्रही त्याच्या बाजूने मारला गेला. तो मर्सियाच्या जुन्या राजवंशातला असावा. म्हणजे वेसेक्सचं रक्त, डेन फौज आणि मर्सियातले असंतुष्ट असा गोट बांधत आणला होता या माणसाने. तो त्या दिवशी वाचला असता तर एडवर्डचं राज्य किती टिकलं असतं याची मला शंकाच आहे. केंटकडून पडलेल्यांत एल्डरमन सिगेहेल्म होता. त्याची मुलगी एडगिफू पुढे एडवर्डची तिसरी बायको झाली आणि तिचे दोन मुलगे राजे झाले.

पुढच्या दीडशे वर्षांत नियम काही सुटसुटीत झाला नाही. ९२४ मध्ये एडवर्ड गेला तेव्हा मर्सियाने त्याचा मुलगा ॲथेलस्टन याला उचललं, वेसेक्सचा ओढा त्याच्या सावत्र भावाकडे, एल्फवेर्डकडे, दिसतो. तो भाऊ सोळा दिवसांत मेला म्हणून यादवी टळली. ९७५ मध्ये राजा एडगरच्या पश्चात त्याच्या दोन पोरांमध्ये झगडा लागला. काका-पुतण्यांचा गोतावळा तोवर आटला होता, त्यामुळे ८७१ मध्ये जे अशक्य होतं ते, म्हणजे मिसरूडही न फुटलेला राजा, आता चालत होतं. थोरला एडवर्ड गादीवर आला, १८ मार्च ९७८ रोजी सावत्र आईच्या भेटीला कॉर्फला गेला आणि तिथे त्याचा खून झाला. शिक्षा कुणालाच नाही, गादी सावत्र भाऊ एथेलरेडला, आणि मेलेल्याला संतपद. १०६६ मध्ये तर राजवंशाचा एकमेव एथेलिंग एडगर पोरवयाचा म्हणून बाजूला राहिला आणि राजरक्त नसलेला हॅरल्ड आधीचा राजा वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुकुट घालून मोकळा झाला.

राहिला तुमचा वंशाचा प्रश्न. वंश राहिला. दहाव्या शतकाच्या अखेरीस नैऋत्येकडे एथेलवेर्ड नावाचा एल्डरमन होता. त्याने लॅटिनमध्ये इतिहास लिहिला आणि तो जर्मनीत एसेनच्या मठाची प्रमुख असलेल्या माटिल्डाला अर्पण केला. प्रस्तावनेत तो तिला नातं समजावून सांगतो: तू अल्फ्रेडच्या वंशातली, मी त्याचा भाऊ एथेलरेड याच्या. अल्फ्रेडच्या मुलाला, एडवर्डला, सरदारांनी निवडलं आणि पेंटेकॉस्टच्या सणाला त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, ही नोंद आपल्याला या एथेलवेर्डकडूनच मिळते.