बारा तासांची ड्युटी, आठ तासांचा पगार

ताई, नमस्कार. मी पेडण्याचा, वय २७. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात वेटर आहे. पगार सोळा हजार, आठवड्याला एक सुट्टी. सकाळी अकराला लागतो तो रात्री अकराला सुटतो, सीझनला त्याहून उशीर होतो आणि शेवटची बस चुकते. ओव्हरटाइम विचारला की मॅनेजर म्हणतो, हॉटेल लाइनमध्ये ओव्हरटाइम नसतो, टिप मिळते ना तुला. खरंच नसतो का? — एक वाचक, पेडणे

हॉटेल लाइनला ओव्हरटाइम नाही असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. टिपचं म्हणाल तर ती गिऱ्हाईक देतं, मालक नाही, त्यामुळे ती दाखवून मालकाची जबाबदारी संपत नाही.

आता जरा हिशेब करूया, कागद-पेन घ्या. सोळा हजार भागिले २६ दिवस, दिवसाला साधारण ६१५ रुपये. त्याला आठाने भागा, तासाला ७७. तुम्ही रोज चार तास जास्त थांबता, महिन्याचे झाले १०४ तास. जादा तासाला निदान दुप्पट दर द्यायचा असतो, म्हणजे १५४. आता १०४ गुणिले १५४ करून बघा, सोळा हजारच येतात! म्हणजे दर महिन्याला तुमचा अजून एक अख्खा पगार मालकाकडेच राहतोय. हे फक्त सोळा हजारालाच लागू नाही हां, पगार बारा असो नाहीतर वीस, आठाच्या जागी रोज बारा तास केले की वरचे चार तास दुपटीने आठ तासांचेच होतात. आणि आज तुम्हाला प्रत्यक्षात मिळतायत तासाला ५१ रुपये, म्हणून मी सगळ्यांना सांगते की नोकरी घेताना महिन्याचा आकडा ऐकून हो म्हणू नका, तासाला किती पडतात ते काढा.

हिशेब थोडा खाली येऊ शकतो. जेवणाची सुट्टी खरंच मिळत असेल तर ती वजा होईल. ब्रेक शिफ्ट असेल, म्हणजे तीनला सोडून सातला परत बोलवत असतील, तर मधला वेळ कामात धरत नाहीत, पण पहिल्या पंचपासून शेवटच्या पंचपर्यंत किती ताणायचं यालाही मर्यादा असते. स्लिपवर बेसिक एवढंसं आणि बाकी सगळे अलाउन्स दाखवले असतील तरी फरक पडतो, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत आणि त्यात अलाउन्स एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची असं आहे. ही सोय कामगाराच्या फायद्याची आहे, लक्षात ठेवा.

अजून एक, काही हॉटेलं पोराला दोन वर्षांत 'सुपरवायझर' करतात, पगार हजारभर वाढवतात आणि मग सांगतात की सुपरवायझरला ओव्हरटाइम नाही. नुसत्या कार्डावरच्या नावाने काही ठरत नाही, प्रत्यक्षात काम काय करता ते बघतात. ट्रे उचलत असाल, टेबल लावत असाल तर तुम्ही कामगारच.

आता करायचं काय. आजपासून वही ठेवा, तारीख, आत गेलो कधी, बाहेर पडलो कधी, बस. ड्युटीचा चार्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत असतील तर तो सेव्ह करून ठेवा. वेतनाची स्लिप मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. लेबर कमिशनरचं ऑफिस पणजीत पाट्टोला श्रमशक्ती भवनात आहे. नव्या लेबर कोडांपैकी वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि फार महत्त्वाचं म्हणजे पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते, मिळाले नाहीत हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. पण एकटे जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा नाहीतर युनियनतर्फे जा. एकट्याला पात्रांव, म्हणजे मालक, दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नको' म्हणतो, पाच जणांना डिसेंबरच्या तोंडावर तसं म्हणणं जड जातं. आणि जून लागला की अर्ध्या पोरांना घरीच बसवतात ना? मग सीझनच्या महिन्यांतले हे पैसे सोडणं तुम्हाला परवडतच नाही.

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे. नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, त्यावर एवढा गदारोळ का? कष्ट केल्याशिवाय देश पुढे जातो का? — एक ज्येष्ठ वाचक, फोंडा

काका, कष्टाला कोणीच नाही म्हणत नाही. मूर्ती २०२३ मध्ये बोलले, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य आलं. दोघंही मोठी माणसं, पण त्यांचा जादा तास आणि वरच्या पेडण्याच्या पोराचा जादा तास एक नाही हो. कंपनी वाढली की शेअरवाल्याची मालमत्ता वाढते, पोराच्या वाट्याला पाठदुखी येते.

तुम्ही बँकेत ज्या रविवारी सुट्टी घेतलीत तो रविवारही कोणी फुकट दिलेला नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे कित्येक वर्षं झगडले तेव्हा कुठे १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळाली. कारखान्यांत आठवड्याला ५४ तास होते ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले, त्या वेळी मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. आता ७० म्हणजे आपण ५४ च्याही मागे जाणार. आणि आधी ठरलेले ४८ तरी पाळले जातात का ते कळंगुटला जाऊन विचारा!

वाढलेली संपत्ती जाते कुठे तेही बघायला हवं. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. आपला गोवा दरडोई उत्पन्नात देशात अगदी वरच्या नंबरात असतो, पण ती सरासरी आहे, कॅसिनोच्या मालकाची कमाई आणि तिथं भांडी घासणाऱ्याची कमाई एकत्र करून भागलेली.

आणि ७० तास करणार कोण? ज्याचा डबा दुसरं कोणी भरतं तो. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. अशा एखाद्या बाईने वेर्ण्याच्या कारखान्यात आठ तास उभं राहून, येता-जाता दोन-तीन तास बसमध्ये काढून घरी यायचं आणि मग स्वयंपाक. तिचे ७० कधीच होऊन गेलेत काका, फक्त ते कोणी मोजत नाही. मला या विषयाचा राग येतो तो इथंच येतो.

मी डिचोलीहून वेर्ण्याला एका औषध कंपनीत पॅकिंगला जाते, ठेकेदारामार्फत. पगार कधी १२ ला, कधी १८ ला. कंपनीला विचारलं तर म्हणतात ठेकेदाराला विचार. पीएफ पण कापतात, तो जातो का कळत नाही. — एक वाचक भगिनी

बाय, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा, ठेकेदार असला तरी. त्याने दिला नाही तर मूळ कंपनीने द्यायचा आणि मग त्याच्याकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय आणि नव्या कोडमध्येही आहे. त्यामुळे 'ठेकेदाराला विचार' हे उत्तर चालत नाही. कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पीएफसाठी यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, मागा आणि ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पासबुकात महिन्या-महिन्याची एंट्री बघा. तुमच्या वेतनाच्या १२ टक्के कापतात तर मालकानेही १२ टक्के भरायचे असतात, त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जातो म्हणून दोन आकडे सारखे दिसले नाहीत तर घाबरू नका. पण तुमच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात एंट्रीच नाही असं असेल तर थेट पीएफ ऑफिसला तक्रार करा. सोबत स्लिपच्या झेरॉक्स जोडा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तोही लागू होतो, तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५. ते कार्ड मिळालंय का तेही बघा, नसेल तर त्याच अर्जात मागा, आणि लाइनवरच्या बाकीच्या मुलींच्याही सह्या घ्या.